सायकलची चेन ‘ताणते’ म्हणजे काय?

चढावर पेडलवर जोर दिला, की कधीकधी चेन दात्यांवरून सटकते आणि पाय एकदम खाली जातो. मग पडायला वेळ लागत नाही! ‘चेन ताणली आहे,’ असे दुकानदार सांगतो. पण तुमच्या पायाच्या जोराने पोलादी पट्ट्या कायमच्या लांबत नाहीत. झिजतात त्या पिना आणि त्यांभोवतीचा भाग. तेलात मिसळलेली धूळ तेथे कानशीचे काम करते.

गिअरच्या सायकलीची चेन तुम्हीच तपासा. लगतच्या दोन पिनांत अर्धा इंच अंतर असते. म्हणजे २४ जोडांची लांबी १२ इंच भरली पाहिजे. चेन ताठ धरून पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तेथून चोविसावी पिन १/१६ इंच पुढे गेली असेल, तर चेन बदला. ही वाढ सुमारे १.६ मिलिमीटर, म्हणजे दर जोडामागे अवघी ०.०७ मिलिमीटर! एकट्या जोडात ती डोळ्यांना दिसली नसती. वाढ १/८ इंच असेल, तर मागच्या चक्राचे दातेही बहुधा झिजलेले असतात. कारण लांबलेली चेन दात्यांच्या टोकाकडे सरकते व भार थोड्याच दात्यांवर येतो. अशा दात्यांवर नवी चेनसुद्धा सटकते आणि दोन्हींचा खर्च करावा लागतो.