तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाताना

घरातील माणसाला अटक झाली की सारे घर हादरून जाते. वकील शोधणे, पैशांची जुळवाजुळव, जामिनाचा अर्ज, नातेवाइकांचे फोन या धावपळीत आठ-दहा दिवस कसे जातात ते कळतही नाही. मग लक्षात येते की, ज्याच्यासाठी ही सारी धडपड चालली आहे त्याला आपण अजून भेटलेलोच नाही. जायचे तर आहे; पण कधी, कोणाला विचारून? आणि शेजारीपाजारी काय म्हणतील?

ही वेळ वाटते तितक्या थोड्या घरांवर येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांतील दर चारांमागे तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा होता असे. या प्रत्येकामागे एक घर असते. तेव्हा लाजेने घरात बसून राहू नका. पहिल्या भेटीची तयारी मात्र नीट करा.

भेट ही मेहेरबानी नव्हे

तुरुंगाच्या दारात उभे राहिल्यावर आपण कोणाच्या तरी उपकारावर आलो आहोत असे वाटू लागते. तसे नाही. फ्रान्सिस कोराली मुलिन ही ब्रिटिश महिला दिल्लीच्या तिहार तुरुंगात स्थानबद्ध होती. तिला आपल्या पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटू देत असत. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८१ साली न्यायालयाने निकाल दिला की, कुटुंबीयांना आणि मित्रांना भेटणे हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कच्च्या कैद्यांप्रमाणे तिलाही आठवड्यातून दोन भेटी मिळाल्या पाहिजेत, असेही न्यायालयाने सांगितले.

अर्थात हक्क असला तरी त्याला नियम आहेत, आणि तुरुंग हा विषय राज्यांकडे असल्याने ते सगळीकडे सारखे नाहीत. तिहारचा अनुभव येरवड्याला किंवा साबरमतीला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता त्या तुरुंगातच चौकशी करावी.

घरातून निघण्यापूर्वी

• भेटीचे वार, वेळ आणि एका वेळी किती जणांना सोडतात हे आधी विचारून घ्या. अनेक तुरुंगांत आता ‘ई-मुलाकात’ या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करता येते. ते जमत नसेल तर घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीची मदत घ्या.

• भेटायला येणाऱ्यांची नावे कैद्याने तुरुंगात द्यायची असतात. वकिलामार्फत निरोप पाठवून आपले नाव त्या यादीत आहे ना, याची खात्री करा.

• त्या दिवशी कोर्टाची तारीख तर नाही ना, हे पाहा. नाहीतर तुम्ही तुरुंगाच्या दारात आणि तो कोर्टात, असे व्हायचे.

• आपले छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, तसेच कैद्याचे पूर्ण नाव, पोलीस ठाणे आणि गुन्ह्याचा क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवा.

• डबा भरून नेण्याची घाई करू नका. घरचे अन्न अनेक ठिकाणी घेत नाहीत. कपडे, पुस्तके काय चालते ते विचारून मगच न्या. खर्चासाठी लागणारे पैसे हातात देता येत नाहीत. ते तुरुंगाने ठरवलेल्या पद्धतीनेच त्याच्या नावावर जमा होतात.

• त्याला मधुमेह, रक्तदाब, दमा असे काही असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती न्या आणि तुरुंगाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची विनंती लेखी करा.

दारावर

मोबाइल आत नेता येत नाही. तो घरी किंवा बाहेर थांबलेल्या सोबतीकडे ठेवा. झडती होईल, त्याचा अपमान वाटून घेऊ नका. मात्र स्त्रियांची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायला हवी. कोणी “एवढी पुडी आत दे” म्हणून काही हाती दिले तर स्पष्ट नकार द्या. बंदी असलेली वस्तू आत नेणे हा गुन्हा आहे, आणि तो तुमच्या नावावर लागेल.

समोरासमोर आल्यावर

बहुतेक ठिकाणी मध्ये जाळी किंवा काच असते. आजूबाजूला दहा जण एकाच वेळी बोलत असतात. वेळ फार तर अर्ध्या तासाची. पहिली पाच मिनिटे रडण्यात जातात, पुढची पाच “हे कसे झाले?” यात, आणि सांगायचे राहूनच जाते. म्हणून काय बोलायचे ते घरीच ठरवा. आधी त्याची तब्येत, झोप, जेवण विचारा. मग वकिलाचा निरोप आणि पुढची तारीख सांगा. त्यानंतर घरची खबरबात द्या. आईचे गुडघे, मुलीची परीक्षा, अंगणातली जास्वंद, काहीही चालेल. आत बसलेल्याला बाहेरचे जग चालू असल्याचे कळणे फार गरजेचे असते. घरात अडचण असेल तर ती लपवू नका. पण तिच्यावर काय तोड काढली आहे तेही सांगा.

गुन्ह्याच्या तपशिलाची चर्चा मात्र येथे करू नका. ती ऐकू जाते. वकिलाशी होणारे बोलणे तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना ऐकता येत नाही, म्हणून तो विषय वकिलावर सोपवा. वकील देण्याची ऐपत नसेल तर कोठडीतील व्यक्तीला सरकारकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

मुलांना न्यावे का?

“बाबा गावाला गेलेत” ही थाप फार दिवस टिकत नाही. शाळेतले दुसरे मूल ती कधीतरी उघडी पाडते, आणि मग मुलाचा राग खोटे सांगणाऱ्या आईवरच निघतो. त्याच्या वयाला समजेल एवढे खरे सांगावे. पहिल्या खेपेला एकट्याने जाऊन जागा पाहून यावे. काच असेल, हात धरता येणार नाही, बाबा वाळलेले दिसतील, हे मुलाला आधी सांगून मग न्यावे. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता यावे म्हणून महाराष्ट्रातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम झाला आहे. आपल्याकडे तशी सोय आहे का, हे अधीक्षकांच्या कार्यालयात अवश्य विचारा.

निघताना एकच गोष्ट विसरू नका. पुढच्या वेळी केव्हा येणार, तो दिवस त्याला सांगा. जमणार असेल तोच दिवस सांगा, आणि त्या दिवशी जा. आत असलेला माणूस त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेला असतो.