चोपदाराची दुसरी ललकारी

गीतसंग्रहाआधी एक गाणे तबकडीवर पुढे धाडतात, त्यास ‘सिंगल’ म्हणतात. स्वारीपुढचा चोपदारच म्हणा ना! बर्लिनच्या ‘रामश्टाइन’ या मेटल वाद्यवृंदाने आपला चोपदार ऑगस्ट १९९५ मध्ये धाडला. गाणे ‘दू रीख्स्ट झो गूट’, म्हणजे ‘तुझा गंध किती छान’. कल्पना झ्यूस्किंडच्या ‘दास पार्फुम’ कादंबरीवरून सुचलेली, भाषा मात्र स्वतःची, जर्मनच. जगाच्या बाजारात हा पेच लहान नव्हे, असे आम्हांस वाटते. पुढे १९९७ साली डेव्हिड लिंच यांनी ‘लॉस्ट हायवे’ या अमेरिकन चित्रपटात त्यांची दोन गाणी घेतली, तीही जर्मनच, आणि परदेशी रसिकांचे कान टवकारले. मग १९९८ मध्ये तेच पहिले सिंगल लांडग्यांच्या नव्या चित्रफितीसह पुन्हा विक्रीस आले.