रंगावरून जंतूची जात

उसाच्या बांधाला आपण लिंबू-आंबा लावतोच. लिंबाच्या खैऱ्या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत ताटलीत वाढवले की पिवळेधमक दिसतात. ग्रीक भाषेत ‘झान्थोस’ म्हणजे पिवळा, म्हणून या गटाचे नाव झान्थोमोनास. १९६४ साली स्टार व स्टीफन्स या शास्त्रज्ञांनी हाच रंग तपासून गटाची खूण मानली.

पण आंब्याच्या पानावर काळे ठिपके पाडणारा जंतू निघाला पांढरा! पुण्याच्या पटेल, मोनिझ व कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये त्याला स्यूडोमोनास गटात घातले. १९७४ मध्ये तो झान्थोमोनासमध्ये आला. रंग असा चकवतो. आपल्याला एवढे पुरे, की दोन्ही रोग जंतूंचे, बुरशीचे नव्हेत. कार्बेन्डाझिम मारून पैसे वाया घालवू नका; रोगट पाने आधी कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.