पाऊस एकवीसशे, खर्च चौतीसशे

कोरड्या मुलखाचे पाणी : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कुठे थांबते आणि कुठून निसटते ते पाहिले. या आठवड्यात काळा पाषाण मागे टाकून दक्षिणेला जाऊ. बेंगळुरूहून कोलारच्या वाटेला लागले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागते. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे आपला कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने तो बांधला. १६३८ नंतर बेंगळुरूसोबत होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हा मुलूख विजापूरकरांकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आला. म्हणजे हे नाव आपल्या इतिहासाला परके नाही. त्याच्या पाण्याची ओळख मात्र आपल्याला नाही, आणि ती करून घेण्यासारखी आहे.

इथे वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. माण किंवा जतच्या शेतकऱ्याला हा आकडा सुकाळाचा वाटेल. तरीही कर्नाटकच्या शेतीच्या नकाशावर हा भाग ‘पूर्व कोरडा विभाग’ म्हणून नोंदला आहे, कारण मुलखाचा कोरडेपणा नुसत्या पावसावर ठरत नाही. ऊन, वारा आणि झाडेझुडपे मिळून वर्षाला किती पाणी उडवू शकतात, तेही पाहावे लागते. या पट्ट्यात ती ताकद सुमारे १५०० मिलिमीटरची आहे. आभाळ देते त्याच्या जवळजवळ दुप्पट मागते. बारमाही नदी एकही नाही. नंदी टेकड्यांच्या परिसरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी इथून जाते, पुढे तमिळनाडूत पोन्नैयार म्हणून कडलूरजवळ समुद्राला मिळते. पण या भागात तिचे पात्र वर्षातले बरेच महिने कोरडे असते.

याच होसकोट्यात पाण्याच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा प्रयोग झाला. सामाजिक वनीकरणाच्या काळात बेंगळुरू आणि कोलारच्या कोरडवाहू रानांत नाचणीच्या जागी नीलगिरी उभी राहिली. लावून सोडून द्यायचे आणि काही वर्षांनी तोडून विकायचे, मजूर लागत नाहीत, गुरे तोंड लावत नाहीत. मग विहिरी आटू लागल्या आणि नीलगिरी पाणी पिते, अशी तक्रार गावोगाव सुरू झाली. वन विभाग म्हणे, पुरावा काय? त्या पुराव्यासाठी ब्रिटनमधल्या जलविज्ञान संस्थेचे इयन कॅल्डर आणि कर्नाटक वन विभागातले त्यांचे सहकारी राज्यात काही ठिकाणी वर्षानुवर्षे मोजणी करत राहिले. होसकोटे हे त्यांतलेच एक ठिकाण.

त्यांची पद्धत समजून घेऊ. जमिनीत खोल नळी उभी पुरायची आणि तिच्यातून न्यूट्रॉन सोडणारे एक उपकरण हळूहळू खाली उतरवायचे. न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनवर आदळले की मंदावतात. मंदावलेले किती परत आले ते मोजले की त्या खोलीवर मातीत ओल किती आहे ते कळते. दर काही दिवसांनी तीच नळी आणि त्याच खोल्या, आणि शेजारी पर्जन्यमापक. माती उकरावी लागत नाही आणि मुळेही दुखावत नाहीत.

इतर ठिकाणी, जिथे माती मध्यम खोलीची होती, तिथे नीलगिरीने साधारण पडला तेवढाच पाऊस वापरला. तिथल्या पानगळीच्या जंगलाचा खर्चही तेवढाच होता. नाचणीच्या खर्चापेक्षा मात्र तो जवळपास दुप्पट निघाला. होसकोट्यातली माती लाल आणि आठ मीटरहून खोल. तिथे तीन कोरड्या वर्षांत पाऊस पडला एकूण २१०० मिलिमीटर आणि झाडांनी वापरले अंदाजे ३४०० मिलिमीटर. हा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वरचे १३०० मिलिमीटर कुठून आले? नीलगिरीची मुळे भूजलाच्या पातळीपर्यंत पोचल्याचा पुरावा मिळाला नाही. ती वर्षाला अडीच मीटरहून जास्त वेगाने खाली उतरत होती आणि प्रत्येक नव्या थरात आधीच्या कित्येक पावसाळ्यांची मुरलेली ओल शोषत होती. नाचणीची मुळे तिथवर कधी जात नसल्याने ती ओल हळूहळू खाली झिरपून विहिरींना मिळायची. झाडांनी विहिरीत तोंड घातले नव्हते. विहिरीकडे जाणारे पाणी त्यांनी वाटेतच अडवले होते.

आता यातून निघणारा हिशेब पाहा. झाडे तोडून खोडे उपटली तरी १३०० मिलिमीटरची ती तूट मातीत राहतेच. नंतर नाचणी पेरली आणि दर पावसाळ्यात समजा १०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली गेले, तरी मातीची तहान भागायलाच तेरा वर्षे लागतील, आणि त्यानंतर खडकाकडे पहिला थेंब जाईल. कर्नाटकाने २०१७ मध्ये नीलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. निर्णय योग्य होता. पण नीलगिरी काढली आणि पुढच्याच वर्षी विहिरीला पाणी आले नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हा हिशेब समोर ठेवावा.

मातीखाली काय आहे? इथला खडक ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा, पृथ्वीवरच्या जुन्या खडकांपैकी. आपल्या काळ्या पाषाणासारखे लाव्ह्याचे थरावर थर इथे नाहीत. वर झिजून मुरमाड झालेला काही मीटरांचा थर आणि खाली अखंड कातळ. त्या कातळात भेगा असतील तिथेच पाणी. पूर्वीच्या बांधीव विहिरी मुरमाच्या थरावर जगत होत्या. तो आटला तशी बोअर आली.

बोअरची गाडी लावलेली ज्याने पाहिली त्याला हे सांगायला नको. या गाड्या बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या असतात. साडेसहा इंची भोक, मुरमापुरते केसिंग आणि खाली उघडा कातळ. हातोडा फिरू लागला की पांढरीफटक भुकटी उडते, अंगणातल्या माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात. सगळ्यांचे डोळे त्या भुकटीवर. रंग बदलला, ओलसर गोळे पडू लागले, की भेग लागली. नाही पडले तर आणखी शंभर फूट. होसकोटे-कोलारकडे हजार फुटांच्या पुढे जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण खोल जावे तशा कातळातल्या भेगा विरळ होतात. खोली दुप्पट केली म्हणून पाणी दुप्पट मिळत नाही.

या खडकात पाणी किती मावते, यालाही मोजमाप आहे. देशभर भूजलाचा अंदाज ज्या मानकांनी काढतात, त्यांत झिजलेल्या ग्रॅनाइट-नाइसमधून उपसता येणारे पाणी चिकणमातीच्या प्रमाणानुसार दीड ते तीन टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर ओला मुरूम पूर्ण निथळला तर पाणी निघेल दीड ते तीन घनमीटर. पावसाचाही साधारण ८ ते ११ टक्केच भाग जमिनीत मुरतो, असे मानक सांगते. ८०० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर झाले ८००० घनमीटर. त्यातले मुरले ६४० ते ८८०. आता सेकंदाला दोन लिटर देणारी बोअर दिवसाला सहा तास चालवा. रोज ४३ घनमीटर, ३०० दिवसांत जवळजवळ १३,००० घनमीटर. म्हणजे या एका बोअरला पंधरा ते वीस हेक्टरांवरचे मुरलेले पाणी लागते. तेवढ्या रानात एकच बोअर आहे, असे गाव होसकोटे तालुक्यात शोधून पाहावे!

उपसा वार्षिक भरपाईच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर तालुका सुरक्षित, ९० पर्यंत अर्धसंकटात, १०० पर्यंत संकटात आणि त्यापुढे अतिशोषित. होसकोटे या शेवटच्या वर्गात मोडते. जे नीलगिरीने मातीत केले तेच माणसाने कातळात केले. दोघांनीही त्या वर्षीच्या पावसापेक्षा जास्त खर्च केला आणि फरक जुन्या साठ्यातून काढला.

या मुलखातल्या जुन्या माणसांनी पाण्याचा हिशेब जमिनीच्या वरच लावला होता. कर्नाटकात ३६,००० च्या आसपास तलाव आहेत, त्यांना इकडे केरे म्हणतात. ते सुटे नाहीत. वरचा केरे भरला की त्याच्या कोडीवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी ओढ्याने खालच्या केरेत जाते, तो भरला की त्याखालच्यात. होसकोट्याचा मोठा तलाव याच साखळीतला. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या गॅझेटियरमध्ये त्याचा बांध दोन मैल लांब आणि भरल्यावर पाण्याचा घेर दहा मैल असल्याची नोंद आहे. पाटाचे पाणी वाटायला नीरगंटी असे, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. बोअर घरोघर आली तशी या कामाची गरज कुणाला वाटेनाशी झाली, ओढ्यांवर घरे आणि गोदामे उठली, आणि साखळीचे दुवे तुटत गेले.

तलाव आणि विहीर यांचा अभ्यास एकत्रच का करावा लागतो, हे एका साध्या मोजणीने कळते. तलावात एक पातळीपट्टी उभी करा. पाऊस नाही, ओढ्यातून आवक नाही, मोरी बंद, सांडवा कोरडा आणि कुणाचा पंपही नाही, असा दिवस निवडा. समजा दिवसभरात पातळी नऊ मिलिमीटर उतरली. जवळच्या बाष्पीभवन पात्रात सहा मिलिमीटर घट दिसली. पात्र तलावापेक्षा जास्त तापते, म्हणून त्या आकड्याला ०.७ ने गुणतात, आले ४.२. नऊमधून ४.२ गेले, राहिले ४.८. हे पाणी उडाले नाही आणि वाहूनही गेले नाही, म्हणजे ते खाली मुरले. शंभर हेक्टरांच्या तलावात ते दिवसाला ४८०० घनमीटर झाले, ४८ लाख लिटर. वर तलावाच्या वहीत जो तोटा दिसतो, तोच खाली विहिरीच्या वहीत जमा होतो. एका खात्याने तलाव मोजला आणि दुसऱ्याने बोअर, तर हेच पाणी दोनदा धरले जाते किंवा एकदाही धरले जात नाही. तळाशी बारीक गाळ बसला की ४.८ चा आकडा घसरत जातो. गाळ काढायला आला की नाही, हे त्यावरून ठरवावे.

आज हे मोजणे फार निकडीचे झाले आहे, कारण या भागात आता आभाळाखेरीज आणखी एक आवक आहे. बेंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून नळाने कोलारच्या तलावांत जाते. योजना रोज ४४ कोटी लिटरची आणि १२६ तलावांची. वर्षानुवर्षे कोरडे पडलेले केरे भरले आणि भोवतालच्या विहिरींना पाणी आले, हे खरे. पण या पाण्यावरची प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतचीच आहे, आणि ते पुरेसे शुद्ध आहे का हा वाद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जे मुरते ते प्यायच्या बोअरपर्यंत पोचते, हे आत्ताच पाहिले. म्हणून अशा प्रत्येक तलावाभोवतीच्या विहिरींत पातळीबरोबर नायट्रेटही तपासले पाहिजे. प्यायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नुसती पातळी वाढली म्हणून समाधान मानता येणार नाही.

होसकोट्याचे दुखणे आपल्याला परके नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या आपल्या पट्ट्यात बोअरच्या गाड्या त्याच भुकटीत उभ्या असतात, आणि जागा दाखवायला पाणाडी नारळ घेऊन फिरतो. हिवरे बाजारने दरवर्षी आधी पाणी मोजायचे आणि मग पिके ठरवायची, ही रीत घालून दिली. तिथे शेतीसाठी बोअर घेत नाहीत. पाणी मोजायला ना मोठे शिक्षण लागते, ना मोठा पैसा.

वाचकहो, या लेखाचा उपयोग करायचा असेल तर एक काम करा. सुतळीला वजन बांधा, दर हातावर गाठ मारा, आणि गावातल्या एका वापरात नसलेल्या विहिरीची पातळी जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये मोजा. केंद्रीय भूजल मंडळही याच चार महिन्यांत मोजते. विहीर वापरातली असेल तर आदल्या रात्री पंप बंद ठेवा, नाहीतर आकडा खोटा येईल. शेजारी पावसाचा आकडा लिहा आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढची बोअर मारायची की नाही, याचा निर्णय त्या वहीसमोर बसून घ्या.