खनिज तेलाची जन्मखूण

नांदगांव तालुक्यांत, मनमाडच्या शेजारीं, पानेवाडी येथें पेट्रोल व डिझेल यांचे मोठे साठे आहेत. मुंबईच्या माहूल येथील तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघालेला जमिनीखालचा नळ सह्याद्रि ओलांडून मनमाडपर्यंत येतो. पानेवाडीच्या साठ्यांतील थेंब पुढें करून "हें मूळचें कोणत्या देशाचें?" असें विचारल्यास, धातूंवरून कूळ ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ बहुधा निरुत्तर होईल. तेंच तेल कच्चें असतां, कारखान्यांत शिरण्यापूर्वीं, त्याच्या हातीं आलें तर मात्र तो पुष्कळ सांगूं शकेल. फरक पडतो तो ऊर्ध्वपातनानें. हलकीं तेलें वाफेच्या रूपानें वर निघून जातात आणि ओळख पटविणारे धातु जवळजवळ सारे तळच्या डांबरासारख्या गाळांत राहतात.

हे धातु म्हणजे मुख्यत्वें व्हॅनेडियम व निकेल. पुष्कळ तेलांत त्यांचें प्रमाण दशलक्ष भागांत कांहीं थोडे भाग इतकें अल्प असतें. व्हेनेझुएलाच्या कांहीं जड तेलांत मात्र व्हॅनेडियम हजार भागांच्याहि वर जातें. धातु तेलांत कोणत्या रूपानें असतात, याचा उलगडा आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १९३४ सालच्या संशोधनानें झाला. त्याला तेलांत पॉर्फिरिन नांवाचीं संयुगें सांपडलीं. वनस्पतींच्या हरितद्रव्याचा सांगाडा तोच. मध्यभागच्या मॅग्नेशियमची जागा तेवढी या धातूंनीं घेतलेली! खनिज तेल सजीवांपासून झालें, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

ठिकठिकाणच्या तेलांत फरक कां पडतो? प्राणवायु नसलेल्या व गंधकयुक्त अशा समुद्रतळच्या चिखलांत निकेल गंधकाशीं संयोग पावून बाजूला पडतें आणि पॉर्फिरिनाच्या वाट्याला व्हॅनेडियम अधिक येतें. गोड्या सरोवरांतील गाळापासून झालेल्या तेलांत बहुधा निकेल वरचढ असतें. चीनमधील दाचिंगचें तेल याचें उदाहरण. तेल उन्हावाऱ्यांत पडून त्याचा हलका भाग उडाला, तर दोन्ही धातूंचें प्रमाण वाढतें. पण त्यांचें परस्परांशीं असलेलें गुणोत्तर फारसें ढळत नाहीं. शास्त्रज्ञांचा भरंवसा आहे तो या गुणोत्तरावर.

तरी ही एकटी साक्ष पुरेशी नव्हे. धातु सांगतात तें तेल ज्या खडकांत जन्मलें त्याविषयीं; विहीर कोणाची, हें त्यांना ठाऊक नसतें. सारख्या गाळाचे खडक जगांत अनेक ठिकाणीं आहेत. शिवाय जहाजाच्या टाकींत दोन तेलें मिसळलीं, कीं गुणोत्तर मधलेंच कांहींतरी निघतें.

म्हणून इतर खुणाहि पाहाव्या लागतात. पावसाळ्याच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहत येतात. जाळीं खराब होतात, वाळू काळी पडते. दोष तेलविहिरींचा, कीं टाक्या धुवून घाण समुद्रांत सोडणाऱ्या जहाजांचा? दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं आलेल्या गोळ्यांतील जैव संयुगांचे अवशेष व कर्बाचीं समस्थानिकें तपासलीं, आणि मुंबई हायच्या तेलाशीं ताडून पाहतां कांहीं गोळ्यांचें साम्य जुळलें. वारे व प्रवाह यांचें गणितहि त्यांनीं सोबत मांडलें होतें.