एकीकडे व्हिडिओ, एकीकडे टर्मिनल

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची सी भाषेची लॅब. कानाला हेडफोन लावलेले, आणि पडदा दोन भागांत वाटलेला: एका बाजूला छोट्या चौकटीत व्हिडिओ, दुसरीकडे टर्मिनल. व्हिडिओतला मराठी आवाज एक ओळ टाइप करायला सांगतो. मुलगी व्हिडिओ थांबवते, तेवढीच ओळ टाइप करते, मग पुढे जाते. दहा मिनिटांच्या पाठाला अशाने अर्धा तास सहज लागतो, आणि तो लागायलाच हवा. नुसते बघून प्रोग्रॅमिंग हातात बसत नाही.

हे 'स्पोकन ट्युटोरियल'. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या पाठबळावर उभा राहिलेला प्रकल्प. सी, पायथन, सायलॅब, लिनक्स असे अनेक विषय त्यात आहेत. पाठ मोफत आणि सॉफ्टवेअरही बहुतेक मुक्त, त्यामुळे लॅबमध्ये शिकलेले घरच्या संगणकावर चालवून बघायला परवान्याचे पैसे पडत नाहीत.

पाठ तयार करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. संहिता दोन रकान्यांत लिहितात: पडद्यावर काय दिसेल आणि त्या क्षणी काय बोलायचे. ती विषय न जाणणाऱ्या नवख्याला दाखवतात. तो जिथे अडेल, तिथे दुरुस्ती. मग भारतीय भाषांत आवाज चढतो, पण पडद्यावरचा मेनू इंग्रजीच राहतो. हे मुद्दाम केलेले आहे, कारण उद्या नोकरीत समोर येणार तो इंग्रजी मेनूच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा मोठा आधार होतो.

सीच्या पाठांत चुकाही मुद्दाम करून दाखवतात. तरी प्रत्येकाची चूक वेगळीच निघते. पाचव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला, तर कंपायलर अनेकदा सहावीकडे बोट दाखवतो आणि मूल सहावी ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसते. इथे व्हिडिओ कामाचा नाही, शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मॅडम लागतात. फळ्यावर प्रोग्रॅम उतरवून देण्यात जाणारा वेळ वाचला, म्हणून तर त्यांना बाकाबाकापाशी थांबता येते. लॅबला बघणारे कोणी नसेल, तर तेच पाठ भराभर पुढे ढकलून संपवले जातात.

तोंडी परीक्षेत मॅडम पाठातलाच प्रोग्रॅम देतात, एक ओळ काढून. कोणती ते मुलांनी चालवून शोधायचे.