गाडीच्या पोटातला पेट्रोल पंप

मुलांनो, ‘पेट्रोल पंप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रस्त्याकडेचा, लांब नळीचा, भराभर आकडे पळवणारा पंप. हो ना? पण आणखी एक पेट्रोल पंप असतो. तो हातात मावेल एवढा असतो आणि गाडीतच दडलेला असतो. तो रुसला, तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही!

जुन्या स्कूटरला असा पंप लागत नसे. तिची टाकी कार्ब्युरेटरच्या वर. पेट्रोल आपलं आपण खाली उतरे. मोटारीचं तसं नाही. ओळखीची मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी अजून ती कुठे ना कुठे दिसतेच. तिचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढे; टाकी मागे आणि खाली. मग पेट्रोल पुढे आणि वर कोण नेणार? हा पंप!

सुरुवातीच्या मारुतीत हा पंप इंजिनलाच जोडलेला असे. जुने मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याच्या आत एक लवचीक पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पडद्याला एक स्प्रिंग, एक दांडी आणि दोन झडपा. इंजिनमधला कॅमशाफ्ट फिरला, की दांडी हलते आणि पडदा खाली ओढला जातो. वरची पोकळी वाढते, आत येणारी झडप उघडते आणि टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते. आता पहिली झडप मिटते, दुसरी उघडते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. एकीतून आत, दुसरीतून बाहेर. उलटं जायची सोय नाही! इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट घेतो १५००. म्हणजे दांडी सेकंदाला २५ वेळा हलते.

तुम्ही म्हणाल, मग पेट्रोल उतू नाही का जात? नाही. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तशीच युक्ती कार्ब्युरेटरमध्ये असते. तिथलं भांडं भरलं, की वाट बंद. मग दांडी नुसतीच हलते, पडदा थांबून राहतो.

पुढे एमपीएफआय गाड्या आल्या. त्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवून ठेवतात. तो जवळजवळ दहापट दाबानं पेट्रोल पाठवतो. किल्ली फिरवल्यावर मागून क्षणभर ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो, तो याचाच. सभोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणून टाकी नेहमी तळाशी टेकेपर्यंत गाडी चालवली, की पंप तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

आता आईबाबांनीही नीट वाचावं. पंप कधी बदलायचा? चढावर गाडी दम तोडते, वेगात हिसके देते, सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, ही त्याची लक्षणं. पण थांबा! फिल्टर तुंबला, रबरी नळीला चीर गेली किंवा टाकीत कचरा साचला, तरी हेच होतं. फिल्टर स्वस्त, पंप महाग. म्हणून आधी ते तपासून घ्यावं, मिस्त्रीकडून पंपाचा दाब मोजून घ्यावा आणि मगच निर्णय करावा. कार्ब्युरेटरची गाडी वैशाखात घाटात बंद पडली, तर कधी कधी पंप चांगला असतो; नळीतल्या पेट्रोलची उष्णतेनं वाफ झालेली असते. इंजिन निवलं, की गाडी पुन्हा चालू होते.

एका बाबतीत मात्र चालढकल नको. एसी पंपाचा पडदा फाटला, तर पेट्रोल बाहेर ठिबकतं किंवा इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. बाहेर ठिबकलेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरे! गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, खाली थेंब दिसले किंवा ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नये. मिस्त्रीलाच बोलवावं.

आणि मुलांनो, नळीनं तोंडानं पेट्रोल ओढायचं धाडस कधीच करू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं. पंपाची गंमत बघायचीच असेल, तर बिनसुईची नवी सिरिंज घ्या आणि पाणी ओढा, सोडा. तिला एकच तोंड आहे. दोन झडपा लावल्या, की झाला तुमचा पंप!

जाता जाता एक प्रश्न. तुमच्या छातीतही एक पंप अखंड चालू आहे. त्याला झडपा किती? शोधा पाहू!